जागतिक कायदा शिकायचा, पण सनद कुठली?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावीला, कला शाखेत आहे. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील ‘ग्लोबल लॉ’ ही तीन वर्षांची, इंग्रजी माध्यमाची पदवी घेऊन आंतरराष्ट्रीय क्षेत्रात काम करायचे, असे तिने मनाशी पक्के केले आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे, की आधी इथे मुंबईत वकील हो, मग पुढचे पाहू. आम्ही काय करावे?
– एक आई, मुलुंड

उत्तर : मुलीच्या इच्छेला हवेतली गोष्ट समजू नका. उमेदवारीच्या काळात मी बॅलार्ड इस्टेटमधील एका कार्यालयात बसत असे. न्हावा शेवा बंदरातून निघालेल्या मालाचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, प्रथम हाती आले, तेव्हा वरिष्ठांनी ते उलटून वाचायला सांगितले. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापले होते, की वाद झाल्यास इंग्लंडचा कायदा लागू होईल आणि खटला लंडनमध्ये चालेल. माल भिवंडीचा, उतरणार रॉटरडॅमला, जहाजावर तिसऱ्याच देशाचा झेंडा आणि न्याय मागायचा लंडनला! अशा गुंत्यात कोणाचा कायदा चालतो आणि का चालतो, हे उलगडायला शिकवणे हा या पदवीचा गाभा आहे. म्हणून तिथे एकाच देशाची कलमे क्रमाने न शिकवता निरनिराळ्या कायदापद्धती शेजारी ठेवून शिकवतात.

मात्र एक गोष्ट तिने अर्ज भरण्याआधीच नीट समजून घ्यावी. कायदा जागतिक असला, तरी वकिलीची सनद त्या त्या देशाचीच मिळते. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम सनदेसाठी धरला जातो. बारावीनंतर थेट घेतलेली तीन वर्षांची परदेशी पदवी या चौकटीत सरळ बसत नाही. शिवाय १९६१च्या अधिवक्ता कायद्यानुसार परदेशी पदवीला बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरील परिषदेची मान्यता असावी लागते, आणि तिची पात्रता परीक्षाही द्यावी लागते. नेदरलँड्समध्येच वकिली करायची म्हटले, तर तिथल्या कायद्याची पदवी हवी आणि डच भाषा हवी. म्हणजे तीन वर्षांनी हाती उत्तम शिक्षण असेल, पण कोणत्याच न्यायालयात उभे राहण्याचा परवाना नसेल, अशी वेळ येऊ शकते.

तिला धोरण, मानवी हक्क किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांमधले काम हवे असेल, तर याने फारसे अडत नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या व्यावसायिक पदांसाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी मागतात, तेव्हा खर्चाचा हिशेब तीन वर्षांवर थांबवू नका. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे शुल्कही कितीतरी पटींनी अधिक पडते.

न्यायालयात किंवा लवादापुढे युक्तिवाद करायचा असेल, तर माझे मत तिच्या वडिलांच्या बाजूने आहे. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५पासून उभे आहे; तिथे एमएच-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेने, तर पवईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात क्लॅट या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेने प्रवेश मिळतो. पाच वर्षांत जेसप मूट कोर्ट या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील अभिरूप न्यायालय स्पर्धेसाठी जीव तोडून तयारी करावी, जोडीला फ्रेंच शिकावी, कारण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच याच भाषांत चालते. मग एलएल.एम. या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी खुशाल परदेशी जावे. पाकिस्तानच्या कैदेतील कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात हेगला भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठातूनच घेऊन गेले होते.

त्याच खटल्याचा १७ जुलै २०१९चा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतो. अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधू द्यावा, असे सांगणारे १९६३च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ पाकिस्तानने मोडले, हे न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी कसे ठरवले, ते तिने परीक्षा संपल्यावर मूळ निकालातून वाचावे आणि तुम्हा दोघांना मराठीतून समजावून सांगावे. ते सांगताना ती कशात रमते, युक्तिवादात की दोन देशांमधल्या वाटाघाटींत, ते मला जरूर कळवा. पुढचा सल्ला त्यावरून देता येईल.