खांद्याच्या भरवशावर दहा वर्षांचे हप्ते

प्रश्न: वय ५७. वायरिंगचं काम करतो, बराच वेळ छतात ड्रिल धरावं लागतं. उजव्या खांद्याचा सांधा झिजलाय, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टर सांधा बदलायला सांगतात. त्यासाठी मुदत ठेव मोडू की कर्ज काढू? खांदा नवा झाला की आणखी दहा-पंधरा वर्षं काम होईल, म्हणून गेल्या पंधरवड्यात दहा वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसीही घेतली. मुदतीअंती वीस टक्के फायदा आहे.

उत्तर: ठेव मोडा. हात स्लिंगमध्ये असताना कर्जाचा हप्ता कुठून भरणार? तुमचा प्रश्न इथेच संपला. मला काळजी आहे ती शेवटच्या दोन वाक्यांची.

तुमचे आकडे छापत नाही, महिन्याची कमाई १०० धरू. त्या हिशेबाने घरखर्च ६५, पॉलिसीचा हप्ता २५, ठेव ९००, ऑपरेशन ४५०. म्हणजे ऑपरेशननंतर हातात ४५०. स्लिंग चार ते सहा आठवडे, मग काही महिने फिजिओथेरपी. कमाई सहा महिने बंद राहील असं धरा. घरखर्च ३९०, उरले ६०. याच सहा महिन्यांचे हप्ते १५०. पॉलिसी पहिल्याच वर्षात गळ्याशी येते.

आणि सहा महिन्यांनी तरी काय? सांधा बदलण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे दुखणं जातं. बहुतेकांना रात्री नीट झोप लागते, कपडे घालणं, केस विंचरणं जमतं. बसवलेल्या सांध्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त दहा वर्षांनंतरही जागेवर असतात. तुम्हाला कोणीतरी हाच आकडा सांगितला असणार. पण सांधा जागेवर असणं वेगळं आणि त्या हाताने डोक्याच्या वर ड्रिल रेटणं वेगळं. नेहमीच्या प्रकारात खोबणीत बसवलेला प्लॅस्टिकचा भाग वर्षानुवर्षांच्या भाराने सैल होऊ शकतो. स्नायूबंध फाटलेले असतील तर उलटा सांधा बसवतात, म्हणजे गोळा खोबणीच्या जागी आणि खोबणी गोळ्याच्या जागी. त्यात हात उचलण्याचं काम मुख्यतः खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूवर येतं. दोन्हींत सर्जन वजनाची मर्यादा घालून देतात.

शिवाय नव्वद टक्क्यांचा आकडा सगळ्या वयांचा मिळून आहे, त्यात सत्तरी ओलांडलेले पुष्कळ. इंग्लंडमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५५ ते ५९ वयाच्या पुरुषांमध्ये पुढच्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता साधारण चारात एक निघाली, आणि धोका पहिल्या पाच वर्षांत सर्वांत जास्त. म्हणजे तुमचे हप्ते चालू असतानाच! दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं चांगलं उतरत नाही, हेही लक्षात घ्या.

आता तो वीस टक्के फायदा. दहा वर्षांत भरणार ३०००, मिळणार ३६००. हे वीस टक्के दहा वर्षांचे मिळून आहेत; पैसे एकदम नाही, महिन्या-महिन्याने भरले जातात हे धरलं तरी वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के पडतात. तुमची ठेवच याहून जास्त देते, असं तुमच्याच पत्रात आहे. एजंटने हा हिशेब करून दाखवला नाही, कारण त्याचं कमिशन हप्त्यावर असतं, तुमच्या परताव्यावर नाही.

सही होऊन पंधरा दिवसच झालेत. पॉलिसी पसंत नसेल तर परत करण्याची मुदत कागदपत्रांवर छापलेली असते. ती आजच बघा. मुदत शिल्लक असेल तर कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एजंट ‘थोडं थांबा’ म्हणेल. ते ऐकून मुदत घालवू नका. मुदत टळली असली तरी हिशेब तोच: पुढचे हप्ते भरत बसण्यापेक्षा गेलेला एक सोडलेला बरा.

पैसे परत आले की ठेवीत टाका, दुसऱ्या ऑपरेशनसाठी. सर्जनना तारीख विचारण्याआधी एवढं विचारा: सांधा कोणत्या प्रकारचा, वजन किती उचलायचं, हात डोक्याच्या वर नेऊन रोजचं काम चालेल का? ‘नाही’ म्हणाले तर छताचं काम हाताखालच्या माणसाकडे द्या आणि मापं, अंदाजपत्रक, देखरेख स्वतःकडे ठेवा. कमाई १०० वरून ७० वर आली तरी ६५चा घरखर्च भागतो. २५चा हप्ता मात्र त्यात बसत नाही.