घरचा संगणक बिघडू लागल्यावर मदत कोणाकडे आणि कशी मागावी?

आपला प्रश्न असा आहे की, घरचा विंडोज संगणक अधूनमधून गोठतो, कधी निळी स्क्रीन दाखवून आपोआप रीस्टार्ट होतो आणि आतून टकटक असा आवाज येतो. अशा वेळी मदत कोणाकडे मागावी आणि काय सांगावे? नातेवाइकांचे व शेजाऱ्यांचे बिघडलेले संगणक मी बरीच वर्षे हौसेने पाहत आलो आहे, त्या आधारावर उत्तर देतो.

मदत मागण्याच्या आधी आपले फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. टकटक कधी कधी फॅनच्या पात्याला घासणाऱ्या वायरचीही असते. परंतु त्या आवाजाबरोबरच फाइल उघडायला वेळ लागत असेल, तर हार्ड डिस्कचा हेड (तबकडीवरचा मजकूर वाचणारा भाग) वाचण्याचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा मागे येत असण्याची शक्यता मोठी आहे. अशी डिस्क कधी कायमची बंद पडेल हे सांगता येत नाही. ‘चेकडिस्क (विंडोजमधले डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन) चालवून बघा’ हा सल्ला आपल्याला हमखास मिळेल, पण खराब भाग शोधण्यासाठी ते संपूर्ण डिस्क वाचून काढते आणि फाइलींच्या नोंदींत बदलही करते, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ते प्रत घेण्याआधी कधीही चालवू नये. डिस्क दिसतच नसेल आणि आतला मजकूर मोलाचा असेल, तर संगणक बंद करावा आणि नेहमीच्या दुरुस्तीवाल्याऐवजी डेटा रिकव्हरीचेच काम करणाऱ्याकडे जावे.

यानंतर लक्षणे नीट टिपून ठेवा, कारण ‘संगणक नीट चालत नाही’ एवढ्या माहितीवर जाणकार माणूससुद्धा अंदाजच बांधू शकतो. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द टाइप केल्यास तारीखवार आलेख उघडतो. ज्या दिवशी बिघाड झाला त्याखाली लाल फुली असते आणि तिच्यावर क्लिक केल्यास काय बंद पडले ते दिसते. फुल्यांची सुरुवात एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा अपडेट बसवल्याच्या दिवसापासून झाली असेल, तर निम्मा शोध तिथेच लागतो. निळी स्क्रीन आल्यास खालच्या स्टॉप कोडचा (बिघाडाच्या सांकेतिक नावाचा) मोबाइलवर फोटो घ्या. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीमध्ये ‘कर्नेल-पॉवर 41’ ही नोंद पाहून अनेकजण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते की संगणक रीतसर शटडाउन न होता बंद पडला, का पडला ते सांगत नाही. याउलट ‘डिस्क’ या नावाखाली 7 क्रमांकाची नोंद असेल तर ती गंभीर माना, कारण तिचा अर्थ डिस्कवर बॅड ब्लॉक, म्हणजे खराब झालेला भाग, सापडला असा होतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती दाखवते. त्यातला ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ (नीट वाचता न आलेल्या भागांची संख्या) शून्याच्या वर जाऊन वाढत असेल, तर डिस्क बदलणे हाच उपाय आहे.

मग निरोप असा लिहावा: ‘संगणक अमुक मॉडेलचा, विंडोज 10, हार्ड डिस्क मूळचीच, मोठी फाइल कॉपी करताना गोठतो, त्याच वेळी टकटक ऐकू येते, स्टॉप कोडचा फोटो सोबत आहे, रॅमची चाचणी केली, दोष आढळला नाही.’ विंडोजची आवृत्ती आवर्जून सांगा, कारण विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे.

मदत कोणाची घ्यावी, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: आपण स्वतः शोधून ज्याच्याशी संपर्क साधला त्याचीच. स्क्रीनवर अचानक ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे आले तर ती फसवणूकच समजावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन क्रमांक नसतो. तपासणी न करताच ‘फॉरमॅट मारू’ म्हणणाऱ्याला कारण विचारा. खराब डिस्कवर विंडोज नव्याने टाकून काहीच साधत नाही.

संगणक दुकानात देण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा आणि असल्यास त्याची 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घरी ठेवा, कारण मदरबोर्ड बदलल्यावर ती मागितली जाते. डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागून घ्या. ती बंद पडलेली दिसली तरी तिच्यावरचा मजकूर पुष्कळदा वाचता येतो.