घाट उतरताना पेडल खाली गेलं…

प्रश्न : दादा, माझी २०१७ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. ६२ हजार किलोमीटर झालेत. रोज चिंचवड ते चाकण जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा पाचगणीपुढच्या गावी चक्कर असते. दिवाळीत आम्ही पाच जण सामानासकट परत येत होतो. पसरणी घाटाच्या शेवटच्या टप्प्यात करपल्यासारखा वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ पडून खाली गेलं. हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक पहिल्यासारखे लागले. पुण्यातल्या गॅरेजमध्ये दाखवलं तर ‘सगळं ओके आहे’ म्हणाले. मित्र सांगतो, भोकं पाडलेल्या मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर बसव. वीस हजार बाजूला ठेवलेत. काय करू?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : गाडीत पाच माणसं होती हे वाचून अंगावर काटा आला. माझं गॅरेज वाईत आहे, घाट संपतो तिथून जवळच. असा वास घेऊन खाली उतरलेल्या गाड्या पंचवीस वर्षं बघतोय. ‘ओके आहे’ एवढ्या उत्तरावर मी ती गाडी घरी नेली नसती.

निदान तुम्हीच पत्रात लिहून ठेवलंय. पेडल खाली गेलं आणि गार झाल्यावर परत आलं. नुसते पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे) तापून त्यांची पकड गेली असती, तर पेडल कडकच राहिलं असतं. जीव खाऊन दाबलं तरी गाडी थांबत नाही, असं झालं असतं. पेडल मऊ पडून परत येतं तेव्हा माझा पहिला संशय ब्रेक ऑइल उकळल्याचा. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात गेला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट हा ऑइलचा दर्जा. डॉट ४ चं ऑइल कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ साठी २०५ आणि १४०. म्हणूनच साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. तुम्ही शेवटचं कधी बदललं, ते पत्रात नाही. सात-आठ वर्षांत एकदाही बदललं नसेल अशी मला भीती वाटते, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक गाड्यांची हीच कथा असते. कोरं ऑइल पातळ मधाच्या रंगाचं दिसतं. अशा गाड्यांमधून कोऱ्या चहासारखं काळपट निघतं.

आता घाटाचा हिशोब बघा. पाचगणी ते वाई उतार साधारण साडेपाचशे-सहाशे मीटरचा. माणसं-सामान धरून गाडी १,२०० किलोची समजा. ताशी १०० च्या वेगातली ही गाडी चौदा-पंधरा वेळा पूर्ण थांबवली तर जेवढी उष्णता तयार होईल, तेवढी त्या एका उतारात जिरवावी लागते. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही, तर बहुतेक सगळी ब्रेकवर येते, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर. चाकणच्या रोजच्या रस्त्यावर त्या ऑइलची अशी परीक्षाच होत नाही, म्हणून वर्षभर काही जाणवत नाही.

तेव्हा पहिला खर्च ऑइलचा. सगळं जुनं काढून चारही चाकांतून नवं डॉट ४ येईपर्यंत ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं) करून घ्या, आणि सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. फडताळात महिनाभर उघडा पडलेला डबा नको. वरच्या दर्जाचं हवं असेल तर डॉट ५.१ चालेल, त्याचे आकडे २६० आणि १८०. पण डॉट ५ मात्र चुकूनही नको. ते सिलिकॉनचं असतं, आपल्या ऑइलमध्ये मिसळत नाही.

दुसरं काम कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडून बघण्याचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. गेल्या महिन्यात तुमच्यासारखीच एक गाडी आली. पुढचं डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड सात मिलिमीटर शिल्लक, आतला जेमतेम दोन. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली खालची पिन गंजून बसली होती. हाताने हलेना. पाना लावून डावी-उजवीकडे फिरवत अर्धा तास घालवला तेव्हा ती सुटली, आणि पिनेवरच्या रबरी टोपणातून (बुटातून) तांबडं पाणी गळलं. पाय काढल्यावरही त्या चाकाचा ब्रेक पुरता सुटत नव्हता. तिथे मोठी डिस्क बसवली असती तरी तीही तशीच भाजली असती. नव्या पिना, नवे बूट आणि ब्रेकसाठीचं खास ग्रीस, एवढ्यात ते चाक मोकळं फिरायला लागलं. तुमच्या गाडीतही हे बघून घ्या. सोबत मागचे ड्रम उघडून लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) साफ करून सेट करायला सांगा आणि ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्यांना (होज) भेगा पडल्यात का तेही बघा. होज बदलायच्याच असतील तर स्टीलची जाळी असलेल्या चांगल्या. पेडल जरा कडक लागतं.

पॅड नवे घ्या, घाटात भाजलेले पुन्हा वापरू नका. चांगल्या कंपनीचे, रस्त्यासाठीचे. काही पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, पहिलं नेहमीच्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. ‘एफएफ’ असेल तर रोजच्या गाडीला उत्तम. शर्यतीचे पॅड नकोत. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि तुम्ही जानेवारीत पाचगणीहून सकाळी सहाला निघालात तर पहिलंच वळण गार ब्रेकवर घ्यायचं असतं. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५-२० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करा आणि मग थोडा वेळ ब्रेक न लावता गाडी चालवून गार होऊ द्या. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या खाली गेली असेल तर कंपनीचीच साधी डिस्क घ्या.

मित्राचा सल्ला मनापासूनचा असेल, पण तुमच्यासाठी चुकीचा आहे. भोकांपासून बारीक भेगा सुरू झालेल्या डिस्क मी हातात धरून बघितल्यात. चार पिस्टनच्या कॅलिपरला जास्त तेल लागू शकतं आणि तुमचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा) तेवढाच राहतो, मग पेडलचा प्रवास वाढतो. पुढच्या-मागच्या ब्रेकचं कंपनीने जुळवलेलं प्रमाणही बिघडतं. शिवाय एकदाच कचकन ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबेल ते शेवटी टायर ठरवतो. जोरात दाबल्यावर तुमची चाकं लॉक होत असतील किंवा एबीएस थडथडत असेल, तर ब्रेकमध्ये जोर पुरेसा आहे, रबराची पकड संपली आहे. म्हणून उरलेले पैसे टायरला ठेवा. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते. पावसाळ्यात घाट करणाऱ्याने ३ वरच टायर बदलावा असं माझं मत. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा, आठवडा आणि वर्ष. ‘१५१७’ दिसलं तर तो टायर बहुधा गाडीबरोबरच आलेला आहे, नक्षी कितीही असो, बदलायला झालाय.

आणि उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा, फार तर तिसरा. पाय पेडलवर सतत ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी करा, सोडा. न्यूट्रल टाकून इंजिन बंद करून उतरणारे आजही भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो. इंजिन बंद झालं की बूस्टरला (तुमच्या पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखं होतं. वास आलाच तर जागा बघून थांबा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

प्रश्न : दादा, गाडी पावसाळ्यात आठ-आठ दिवस अंगणात उभी असते. सकाळी काढली की ब्रेकमधून खरखर येते, पाच-सहा वेळा दाबल्यावर जाते. परवा तर मागचं चाक फिरेचना. डिस्क बदलायला सांगतायत.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ताई, डिस्कवर दमट हवेने वरवरचा गंज चढतो, पॅड तो पुसून काढतात. खरखर पाच-सहा दाबांत जात असेल तर डिस्क बदलू नका. मागचं चाक अडकलं ते हँडब्रेक ओढून ठेवल्याने; लायनर ओल्या ड्रमला चिकटले. सपाट अंगणात हँडब्रेक सोडा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. ड्रम मात्र एकदा उघडून घ्या. जोर लावून सोडवलं असेल तर लायनरचा तुकडा निघालेला असू शकतो. आणि गाडी आठवड्यातून दोनदा बाजारापर्यंत तरी न्या.