अंटार्क्टिकात बर्फाचा कोअर (लांब दंडगोल नमुना) काढताना ड्रिल का अडकतं? खानापुरात राहून यातलं काय शिकता येईल?

एवढ्या थंडीत ड्रिल रुतून कसं बसतं, असं तुम्ही विचारलंय. ते थंडीनं नव्हे, उबेनं बसतं. उन्हात पडून राहिलेलं धातूचं बॅरल, म्हणजे ड्रिलची पोकळ नळी, तापतं. तसंच भोकात सोडलं की कडेचं हिम वितळतं आणि आतल्या उणे तापमानात ते पाणी क्षणात गोठतं. मोटर गुरगुरते, बॅरल जागचं हलत नाही. म्हणून ड्रिल आधी सावलीत, हिमात खणलेल्या चरात ठेवून गार करतात. उन्हाळ्यात सूर्य मावळत नसला तरी 'रात्री' तो खाली असतो. ती वेळ कामाला उत्तम.

दुसरं कारण भुगा. कटरनं निघालेला भुगा बॅरलवरच्या आट्यांवरून वर चढायला हवा. एका खेपेत फार खोल गेलात तर तो दबून घट्ट बसतो. म्हणून उथळ ड्रिलिंगमध्ये एका खेपेला साधारण मीटरभरच काढायचं. अडकलंच तर ग्लायकॉल, म्हणजे बर्फ वितळवणारं द्रव, ओततात, पण मग तिथला रासायनिक तपासणीचा नमुना सोडून द्यावा लागतो. जनरेटर नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूला. त्याचा धूर नमुन्यात उतरला की ते बर्फ त्या कामाचं राहत नाही.

कोअर वर आला की आधी वरच्या टोकाकडे बाण, मग लांबी, व्यास, वजन. १० सेंमी व्यासाचा ५० सेंमी तुकडा २.२ किलो भरला, तर घनता घनमीटरला सुमारे ५६० किलो. ती ८३० च्या आसपास पोचली की हवेचे बुडबुडे बर्फात बंद होतात. जुनी हवा मोजायची ती त्यांतलीच. नोंदी पेन्सिलीनं करा, बॉलपेनची शाई गोठते.

सरावाला भातकापणीनंतरचं शेत पुरेसं आहे, मालकाला विचारून. एक मीटर खड्डा खणा. ज्या भिंतीतून नमुना घ्यायचा तिच्या काठावर पाय ठेवू नका, माती दुसऱ्या बाजूला टाका. ५ सेंमी व्यासाचा, ५ सेंमी उंच पाइपचा तुकडा भिंतीत आडवा ठोका. त्यात ९८ घनसेंमी माती मावते. तळापासून वर येत दर १० सेंमीला वजन घ्या, म्हणजे वरून पडणारी माती खालच्या नमुन्यात मिसळणार नाही. तिथल्या थंडीतल्या कामाची सवय म्हणून हे सगळं हातमोज्यांच्या दोन जोड्या घालून करा. पाइप वाकडा ठोकला गेला की घनता किती चुकते, ते तिथेच कळेल.

राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोला आहे, लोंढा–कॅसलरॉकमार्गे रेल्वेनं जाता येतं. भेटीची परवानगी आधी लिहून मागा आणि सोबत या खड्ड्याची नोंदवही न्या.