आपले मौन आपणच विकले आहे

टपालाने पुस्तके पाठवणाऱ्या क्लबाचे आपण सभासद झालात, पहिली चार पुस्तके नाममात्र किमतीत घेतलीत, पुढे दरमहा आलेली निवडपत्रके (त्या महिन्याचे पुस्तक कळवणारी व नकाराची सोय देणारी पत्रके) पाकिटासकट बाजूला टाकलीत, आणि आता तीन पुस्तकांचे बिल व वकिलाची नोटीस आल्यावर ‘मागवलीच नाहीत तर पैसे कसले?’ असे विचारता. याच मजकुराची पत्रे मला वारंवार येतात.

मौन म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व इंग्लंडमधील १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यापासून सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण तेथे काकाने ‘उत्तर न आल्यास घोडा माझा’ असे पुतण्याला लिहिले होते, आणि गप्प राहणाऱ्या पुतण्याने मौनाला संमती मानण्याचे आधी कबूल केले नव्हते. आपण मात्र ‘मुदतीत नकार न आल्यास त्या महिन्याचे पुस्तक हवे आहे असे समजले जाईल’ या कलमाखाली सही केली आहे. अर्जाच्या पाठीमागचा बारीक मजकूर सहीपूर्वी वाचायचा असतो.

सारे प्रकरण आता त्या ‘मुदतीत’ या शब्दावर उभे आहे. नकार ठरल्या तारखेपर्यंत टपालात टाकायचा की क्लबाकडे पोहोचायचा, आणि पत्रक हाती पडल्यापासून आपल्याला प्रत्यक्षात किती दिवस मिळाले, हे पाहा. अमेरिकेत १९७३ च्या नियमाने अशा क्लबांवर किमान १० दिवस देण्याचे बंधन घातले. तितके न मिळाल्यास पुस्तक विक्रेत्याच्या खर्चाने परत करता येते. आपल्याला लागू असलेल्या कायद्यात अशी तरतूद असेलच असे नाही, परंतु कलमातच दिवस मोजून दिले असतील तर क्लबही त्यांना बांधील आहे. न उघडलेल्या पाकिटांवरील टपालाचे शिक्के हाच आपला पुरावा असल्याने (निष्काळजीपणाचा असा उपयोग क्वचितच होतो) ती फेकू नका.

शिक्का उशिराचा निघाला, तर त्या महिन्याचे पुस्तक न वापरता, लेखी कारण देऊन परत करा. उरलेल्यांचे पैसे बहुधा द्यावे लागतील. ठरावीक पुस्तके घेण्याची किमान खरेदीची अट अजून पुरी झाली नसेल, तर सभासदत्व सोडल्यानेही ती सुटेल असे मी म्हणणार नाही.

न्यायालयाचा विचार तूर्त नको. पहिली तारीख लागेपर्यंत आणखी काही पुस्तके दारात येऊन पडतील. सभासदत्व रद्द करण्याचे पत्र आजच नोंदणीसह स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा, आणि ते पोहोचेपर्यंत येणारे प्रत्येक पत्रक त्याच दिवशी उघडून नकार कळवा.