ऑनलाइन थेरपीसाठी अनुभवी क्लिनिकल सोशल वर्कर चालेल का, की सायकॉलॉजिस्टच हवा?

चालेल की. पुण्यात, भरल्या घरात राहून सोशल वर्करकडून ऑनलाइन थेरपी घेण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. "समाजसेवावाले काय थेरपी देणार" हे तुमच्या भावाचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. आमच्या मोठ्या दिरांनीही मला हेच ऐकवलं होतं, तेही माझ्याकडून श्रीखंड वाढून घेताना.

कागदाचं आधी सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची, म्हणजे मानसिक आजारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सोशल वर्करची, व्याख्याच आहे : सोशल वर्कमधली पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल ट्रेनिंगसकट. म्हणून नावापुढे नुसतं 'काउन्सेलर' दिसलं तर शिक्षण विचारा, हॉस्पिटलच्या कुठल्या वॉर्डात काम केलं तेही विचारा. विचारल्याचा राग आला तर दुसरीकडे जा.

आता आमचं. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही कोथरूडहून धायरीला, भाड्याच्या वन बीएचकेत आलो. सासूबाईंना डिमेन्शिया. मध्यरात्री उठून "मला माझ्या घरी सोडा" म्हणत दाराची कडी काढायच्या. सकाळी मी बँकेत कॅशवर बसायची ती अर्धी झोपेत. घरात बोलायला कोपरा नाही, म्हणून सोशल वर्कर मॅडमबरोबरचं ऑनलाइन सेशन पार्किंगमध्ये, गाडीत काचा वर करून. वॉचमनची खात्री होती की मी नवऱ्याशी भांडून खाली येऊन बसते.

मला वाटलं मॅडम माझं लहानपण उकरतील. त्यांनी विचारलं, "रात्री सासूबाईंजवळ कोण झोपतं?" मग गोळ्या कोण देतं, डायपर कुणाच्या पैशाने येतात, मोठे दीर शेवटचे कधी येऊन गेले. हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं पेशंटच्या नातेवाइकांशी बोललेली बाई ती, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. म्हणाल्या, "पुढच्या वेळी सगळ्यांना जोडून घेऊ या?"

ऑनलाइनचा खरा फायदा हा. बाणेरचे दीर, नाशिकच्या नणंदबाई, आम्ही दोघं, सगळे एका स्क्रीनवर. त्या कुणालाही रागावल्या नाहीत. सात वार लिहिलेला तक्ता सगळ्यांना दिसेल असा उघडला आणि एकेक रात्र विचारत गेल्या. दिरांनी "नेटवर्क जातंय" म्हणत व्हिडिओ बंद केला. त्या म्हणाल्या, "आवाज येतोय ना, चालेल. शनिवार कुणाकडे?" तेव्हापासून शनिवार-रविवार सासूबाई बाणेरला. दीर अजूनही म्हणतात ती थेरपी नव्हतीच, वाटणी होती. असू दे. झोपेच्या गोळीने मी झोपले असते, पण कडी कोण बघणार होतं?

फी ज्याची त्याची वेगळी. पहिल्या सेशनआधीच विचारा, ऐनवेळी रद्द केलं तर किती कापतात तेही.

हां, एक राहिलं. सोशल वर्कर औषधं लिहून देत नाहीत, त्याला सायकियाट्रिस्टच लागतो. बुद्ध्यंकासारख्या चाचण्या हव्या असतील तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भास होत असतील किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर ऑनलाइन अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. अपरात्री बोलायला १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आणि मराठीतसुद्धा. आणि घरात मारहाण होत असेल तर घरातून व्हिडिओ कॉल नकोच.

भावाला आधी पटवून मग सुरू करीन म्हणाल तर म्हातारे व्हाल. तुम्ही सुरू करा, आणि थेरपिस्टना योग्य वाटलं तर त्यालाही बोलवा. ट्रॅफिकमुळे बाणेरहून धायरीला यायला जमत नाही म्हणणाऱ्यांना लिंकवर क्लिक करणं जमतं.