पहिलं काम बाहेर देताना

आपलं ऑनलाइन काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं असेल, तर एकदम महिन्याच्या पगारावर कुणाला घेऊ नका. आधी छोटं काम द्या, आणि त्याचे पैसेही द्या. फुकट नमुना मागणं मला पटत नाही. काम सोपवण्याआधी ते स्वतः करताना स्क्रीन रेकॉर्ड करा. फाइलला नाव काय द्यायचं, ती कुठे ठेवायची, काम पूर्ण झालं असं कधी धरायचं, सगळं लिहून द्या. ‘फोटो नीट करा’ म्हटलं तर प्रत्येकाचं ‘नीट’ वेगळं निघतं; ‘पांढरी पार्श्वभूमी, चौकोनी, १००० बाय १००० पिक्सेल’ म्हटलं की दुरुस्तीच्या फेऱ्या वाचतात. तो माणूस दिवसभर ऑनलाइन आहे का, हे बघत बसू नका, हातात काय आलं ते बघा. मुख्य पासवर्ड मात्र कुणालाच नको. मर्यादित अधिकारांचं वेगळं खातं उघडून द्या आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी बंद करा.